जुन्या आज्ञा आणि नवें यंत्र

बिऱ्हाड बदलतांना जुनें सामान बरोबर नेतां येतें. गणकयंत्र बदलतांना त्याच्यासाठीं लिहिलेल्या आज्ञा बरोबर नेतां येतीलच, असें मात्र नाहीं. कारण निरनिराळ्या घडणीच्या यंत्रांची भाषा निराळी असते. एका यंत्रास जी बेरजेची आज्ञा, ती दुसऱ्यास निरर्थक अक्षरें. ही अडचण केवढी मोठी होती व ती कशी सोडविण्यांत आली, हें एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहूं.

अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें १९५९ सालीं '१४०१' हें गणकयंत्र जाहीर केलें. तें इतकें लोकप्रिय झालें कीं, तशीं दहा हजारांहून अधिक यंत्रें तयार झालीं. नोकरांचे पगार, गिऱ्हाइकांचीं बिलें, वखारींतील मालाचा हिशेब अशा कामांसाठीं ठिकठिकाणीं आज्ञावल्या लिहिल्या गेल्या. एकेका आज्ञावलीपायीं कुशल माणसांचे महिनेच्या महिने खर्ची पडले.

पुढें ७ एप्रिल १९६४ रोजीं याच कंपनीनें 'सिस्टीम/३६०' ही लहानमोठ्या यंत्रांची नवी मालिका जाहीर केली. तिची घडण अगदीं निराळी होती. १४०१ चा सारा व्यवहार अक्षरांचा व दशमान अंकांचा. संख्या हवी तेवढी लांब असूं शके, व तिची सीमा दाखविणारी खूण स्मृतींत अक्षराबरोबरच ठेवलेली असे. नव्या यंत्रांत आठ बिटांचा एक बाइट, चार बाइटांचा एक शब्द, अशीं ठराविक मापें होतीं. जुन्या आज्ञा तेथें जशाच्या तशा चालणें शक्य नव्हतें.

त्यांतच, १९६३ च्या डिसेंबरांत हनीवेल कंपनीनें आपलें '२००' क्रमांकाचें यंत्र पुढें आणलें होतें. १४०१ च्या आज्ञावल्या त्यावर आणण्याची सोय होती, आणि त्या सोयीचें नांवच 'लिबरेटर', म्हणजे मुक्तिदाता! आयबीएमच्या गिऱ्हाइकानें मनाशीं म्हणावें, "सर्व कांहीं नव्यानें लिहावयाचें असेल, तर दुसऱ्या दुकानीं कां जाऊं नये?" तेव्हां कंपनीस उपाय शोधणें भागच होतें.

तो उपाय समजण्यासाठीं एक घरगुती दृष्टांत घेऊं. एका घराण्याचें जुनें दप्तर मोडींत आहे, आणि नव्या कारकुनास केवळ बाळबोध येतें. मार्ग तीन. पहिला, सर्व दप्तर बाळबोधींत उतरवून काढणें. यांत वेळ फार, आणि नकलेंत चुका होण्याचें भय. दुसरा, शेजारीं एक वाचक बसवून त्यानें शब्दाशब्दाचा अर्थ सांगणें. काम बरोबर होईल, पण अत्यंत सावकाश. तिसरा, कारकुनासच मोडी शिकविणें.

यंत्राच्या बाबतींत दुसऱ्या मार्गास सिम्युलेशन म्हणतात. तिसऱ्या मार्गास एम्युलेशन हें नांव मिळालें. आतां यंत्रास 'शिकविणें' म्हणजे काय? बेरजेची एक आज्ञा पार पाडतांना यंत्राच्या पोटांत अनेक सूक्ष्म क्रिया क्रमानें घडतात: हा आकडा उचल, त्यांत तो मिळव, उत्तर अमुक जागीं ठेव. या क्रियांच्या यादीस मायक्रोप्रोग्राम म्हणतात. मालिकेंतील मॉडेल ३० मध्यें ही यादी पंचकार्डाएवढ्या कार्डांवर छिद्रांच्या रूपानें नोंदलेली असे. तींत १४०१ च्या आज्ञांसाठीं लागणाऱ्या क्रियांची भर घातली, आणि नवें यंत्र जुनी भाषा स्वतःच वाचूं लागलें. मूळ १४०१ वर लागे त्याहून कमी वेळांत तेंच काम होऊं लागलें. याच रीतीनें मोठें मॉडेल ६५ हें ७०९० या जुन्या यंत्राच्या आज्ञा चालवूं शके.

या सोयीस मर्यादाही होत्या. जी आज्ञावली जुन्या यंत्राच्या वेगावरच विसंबून लिहिलेली असे, ती येथें फसे. शिवाय अनुकरण तंतोतंत, म्हणून जुन्या आज्ञावलींतील चूकही तंतोतंत वठे. पण याहून मोठा धोका निराळाच. काम बिनबोभाट चालू राहिलें कीं तें समजून घेण्याची निकड उरत नाहीं. आज्ञावली लिहिणारा नोकरी सोडून जातो, कागद गहाळ होतात, आणि अमुक रक्कम पगारांतून कां कापली जाते, हें केवळ यंत्रास ठाऊक राहतें. कारकून मोडी वाचतो, पण घरांतील कोणासही दप्तराचा अर्थ सांगतां येत नाहीं, तशांतली ही गत!

तरीही या विद्येचे उपकार थोर आहेत. १९९९ सालीं रॉजर बाउलर यांनीं आरंभिलेली 'हर्क्युलीस' ही आज्ञावली आज घरगुती गणकयंत्रासही जुन्या मेनफ्रेमचें रूप देते. ज्यांचें मूळ यंत्र पाहावयास मिळणें दुर्मिळ, त्यांचें काम अभ्यासकास घरीं बसून पाहतां येतें. यंत्रें मोडींत निघतात, पण त्यांसाठीं माणसांनीं केलेला विचार मोडींत निघूं नये. एम्युलेशन त्या विचारास सवड मिळवून देतें. त्या सवडींत जुन्या आज्ञा कोणीतरी वाचून, समजून, टिपून ठेवल्या पाहिजेत. तें काम यंत्राकडे सोंपवितां येत नाहीं. तें ज्याचें त्यानेंच करावें लागतें.