उन्हाळ्यांतील मधुमका : दाणा कां भरत नाहीं?

परसांतील विहिरीला पाणी आहे, चार वाफे मोकळे आहेत, घरांतील मुलांना कोंवळ्या कणसांची आवड आहे, म्हणून पुष्कळ शेतकरी बंधु उन्हाळ्यांत मधुमक्याचें बीं टोंचतात. ताटें पुरुषभर वाढतात, कणसेंहि लागतात; परंतु आवरण सोलून पाहावें तों बुडाशीं चार ओळी दाणे, मध्यें विरळ आणि शेंड्याकडे अगदीं रिकामें, असा प्रकार आढळतो. मग दोष बियाण्याला दिला जातो, किंवा खताला. वस्तुतः पुष्कळदां दोष या दोहोंचाहि नसून पेरणीच्या तारखेचा असतो. तो कसा, व तो टाळावा कसा, हें येथें सांगावयाचें आहे.

मक्याच्या एकाच ताटावर नर व मादी फुलें वेगवेगळ्या जागीं येतात. शेंड्यावरील तुरा हा नर होय. पानाच्या बगलेंतून निघणाऱ्या कणसाच्या टोंकाशीं जे रेशमासारखे केस दिसतात ते मादीफुलांचे. या केसांविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. प्रत्येक केस एकेका दाण्याच्या जागेपासून निघालेला असतो. कणसावर पांचशें जागा असतील तर केसहि पांचशेंच. ज्या केसावर पराग पडून रुजेल, त्याच जागीं दाणा धरतो. ज्यावर पडणार नाहीं, ती जागा कायमची रिकामी राहते. पुढें कितीहि पाणी व खत दिलें तरी ती भरून येत नाहीं. महसुली कामांत पिकाची पैसेवारी कापणीच्या प्रयोगावरून काढतात. मक्याची पैसेवारी मात्र तुरा आल्यापासून आठ-दहा दिवसांतच ठरून गेलेली असते.

उन्हाळा आड येतो तो याच दिवसांत. पराग मुख्यतः सकाळीं सुटतो, आणि एका तुऱ्यांतून तो पांच ते आठ दिवस सुटत राहतो. सुटलेला पराग थोडेच तास जिवंत असतो. उष्णमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेलें व हवा कोरडी असली म्हणजे त्याची शक्ति झपाट्यानें घटते; ३८ अंशांच्या पुढें नुकसान फारच मोठें होतें. केसहि पराग धरण्यापूर्वीं सुकूं लागतात. त्यांत पाण्याचा ताण पडला तर तुरा वेळेवर येतो, पण केस मागें राहतात. ते बाहेर येईपर्यंत पराग संपलेला असतो.

म्हणून पेरणीचा दिवस तुऱ्यापासून मागें मोजून ठरवावा. पेरणीनंतर तुरा येण्यास साधारणतः ५० ते ५५ दिवस लागतात. थंडींत कांहीं दिवस अधिक. देशावर मार्चच्या अखेरीपासून ऊन कडक होतें. तेव्हां जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यांत बीं टोंचलें तर तुरा मार्चच्या पूर्वार्धांत येतो व संकट टळतें. जेथें उष्मा लवकर चढतो, अशा विदर्भ-मराठवाड्यांतील भागांत हा हिशेब आणखी पंधरा दिवस मागें न्यावा. फेब्रुवारीच्या मध्यास पेरलेला मका एप्रिलच्या ऐन उन्हांत तुऱ्यावर येतो. तो शक्यतोंवर पेरूंच नये. त्यापेक्षां मेच्या उत्तरार्धांत पेरावा, म्हणजे तुरा जुलैच्या पावसाळी हवेंत सांपडेल.

आतां पाण्याचा हिशेब पाहूं. १० फूट लांब व १० फूट रुंद अशा वाफ्यांत दोन-दोन फुटांवर पांच ओळी व ओळींत दहा-दहा इंचांवर ताट धरलें, तर ६० ताटें बसतात. एवढ्या वाफ्यावर एक इंच पाणी म्हणजे सुमारें २३५ लिटर, अर्थात् १५ लिटरच्या जवळजवळ सोळा बादल्या. कडक उन्हांत एवढें पाणी चार दिवसांनीं लागतें. लहानपणीं कमी पुरतें. पंचाहत्तर-ऐंशी दिवसांच्या पिकास अशा तेरा ते पंधरा पाळ्या धरल्या, तर एकंदर तीन ते साडेतीन हजार लिटर पाणी होतें. ताटामागें एक चांगलें कणीस धरल्यास प्रत्येक कणसावर ५० ते ६० लिटर पाणी खर्च होतें! कणीस अर्धें रिकामें निघालें म्हणजे त्यांतील निम्में पाणी मातींत गेलें असें समजावें. चैत्रांत जिच्या तळाचा खडक दिसूं लागतो, अशा विहिरीच्या धन्यास ही हानि क्षुल्लक नाहीं. कारण गुरांचें व घरचें पाणीहि त्याच विहिरीचें असतें.

लागवड करतांना एक लांबलचक ओळ न करतां चौकोनी वाफाच करावा. पराग वाऱ्यानें उडतो. एका ओळींतून तो बाहेर वाहून जातो, चार-पांच ओळींत मात्र एकमेकांच्या केसांवर पडतो. जमिनींत पांच-सहा घमेलीं कुजलेलें शेणखत मिसळावें. वरील वाफ्यास युरिया २४० ग्रॅम पुरतो. तो पेरणीच्या वेळीं, ताटें गुडघाभर झाल्यावर व तुरा येण्यापूर्वीं असा तीन सारख्या हप्त्यांनीं द्यावा. बीं एक इंच खोल टोंचावें. अधिक गोड वाणांचें बीं सुरकुतलेलें व हलकें दिसतें; तें खराब नसतें. इलिनॉय विद्यापीठाचे जॉन लॉफनन यांनीं सन १९५३ मध्यें ज्या गुणाचें वर्णन प्रसिद्ध केलें, त्या गुणामुळें अशा दाण्यांत साखर अधिक व पिठूळपणा कमी असतो. मात्र अशा बियांत उगवणीचा जोर कमी असल्यानें एका जागीं दोन बिया टाकाव्या व मग एक रोप ठेवावें.

रोपें वीतभर झालीं कीं ओळींमध्यें उसाचें पाचट किंवा गव्हाचें काड तीन इंच जाड पसरावें. ओल टिकते व तण दबतें. पश्चिमेकडून झळा येत असल्यास कडब्याची ताटी उभी करावी, परंतु ताटांवर सावली पडूं देऊं नये. तुरा दिसूं लागल्यापासून केस तपकिरी होईपर्यंत पाण्याची पाळी चुकवूं नये; पाणी सायंकाळीं बुडाशीं द्यावें, तुऱ्यावर शिंपडूं नये. उन्हाची लाट याच आठवड्यांत आली तर सकाळीं नऊच्या सुमारास तुरे हलकेंच कागदावर झटकून जमलेला पिंवळा पराग ताज्या केसांवर टाकावा. असें चार-पांच दिवस ओळीनें केल्यास पुष्कळ दाणे हातीं लागतात.

आणखी एक सावधगिरी घ्यावी. शेजारीं वैरणीचा मका त्याच सुमारास तुऱ्यावर आला, तर त्याचा पराग पडलेले दाणे गोड न होतां पिठूळ होतात. म्हणून दोहोंत निदान तीनशें फुटांचें अंतर किंवा पेरणींत तीन आठवड्यांचा फरक असावा. तसेंच सन २०१८ मध्यें आपल्या देशांत प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी आतां मक्याची मोठी वैरीण झाली आहे. पानांवरील अंड्यांचे पुंजके वेंचून चिरडावे, व पोंगे लहान असतांनाच ५ टक्के निंबोळी अर्क पोंग्यांत जाईल असा फवारावा. परसांतील साठ ताटें रोज सकाळीं डोळ्यांखालीं घालणें कठीण नाहीं.

केस बाहेर आल्यापासून सुमारें १८ ते २२ दिवसांनीं कणीस तयार होतें. केस तपकिरी होऊन सुकले आणि नखानें दाबलेल्या दाण्यांतून दुधासारखा रस आला, म्हणजे सकाळच्या गारव्यांत तोडून त्याच दिवशीं खावें. तोडल्यावर उष्णतेनें गोडी उतरूं लागते. साध्या मधुमक्यांत ती एका दिवसांतहि बरीच उतरते.

विहिरीचा झरा बेताचा असेल, तर चार वाफ्यांऐवजीं एकच करावा; पण त्यास तुऱ्याच्या दिवसांत पोटभर पाणी द्यावें. अर्धपोटी चार वाफ्यांपेक्षां पुरतें पाणी मिळालेल्या एका वाफ्याचीं कणसें अधिक भरतात, आणि घरच्यांना वैशाखांत पाण्यासाठीं दुसऱ्याच्या विहिरीवर जावें लागत नाहीं.