आयस्कॅट स्वालबार रडार केंद्र
आयस्कॅट स्वालबार रडार केंद्र : पृथ्वीच्या उच्च वातावरणाचा रडारच्या साहाय्याने अभ्यास करणारे उत्तर ध्रुवीय प्रदेशातील संशोधन केंद्र. नॉर्वेच्या स्वालबार द्वीपसमूहात, लाँगयिअरबीएनजवळ सु. ७८° उ. अक्षांशावर ते १९९६ मध्ये सुरू झाले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या आयस्कॅट या आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक संघटनेने ते उभारले.

येथील रडारची कंप्रता ५०० मेगॅहर्ट्‌झ असून त्यासाठी दोन आकाशक उभारण्यात आले : ३२ मी. व्यासाचा फिरविता येणारा आणि ४२ मी. व्यासाचा, स्थानिक चुंबकीय क्षेत्ररेषेच्या दिशेने रोखलेला स्थिर आकाशक. या कंप्रतेचे रेडिओ तरंग आयनांबर भेदून अवकाशात निघून जातात. त्यांचा अत्यल्प अंश मात्र तेथील मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे विखुरला जाऊन परततो. असंगत प्रकीर्णनाची ही पद्धत डब्ल्यू. ई. गॉर्डन यांनी १९५८ मध्ये सुचविली. परतलेल्या संकेताच्या तीव्रतेवरून इलेक्ट्रॉनांची घनता, वर्णपटाच्या आकारावरून इलेक्ट्रॉन व आयन यांची तापमाने आणि डॉप्लर परिणामावरून आयनांचा वेग काढतात.

हे स्थळ विशेष सोयीचे आहे. मध्यान्हाच्या सुमारास सौर वातातील कण चुंबकांबराच्या ध्रुवाकडील फटीतून येथील वातावरणात थेट उतरतात. हिवाळ्यात अखंड रात्र असल्याने तेव्हाचा ध्रुवीय प्रकाशही दिसतो व रडारच्या जोडीने त्याचे निरीक्षण करता येते.

चुंबकीय वादळात उच्च वातावरण तापून प्रसरण पावते आणि कमी उंचीवरील उपग्रहांना होणारा रोध वाढतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये एकाच वेळी सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी ३८ याच कारणाने नष्ट झाले. अशा मापनांचे व्यावहारिक महत्त्व यावरून स्पष्ट होते.