ही वही कुठे जाणार?

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी मला गुन्हेगारी आणि समाज या विषयावर प्रबंधिका लिहायची होती. छापील प्रश्नावली घेऊन मी गावाबाहेर पडलेल्या पारध्यांच्या पालांवर गेलो. पहिल्याच पालापुढे एक म्हातारी बसली होती. नाव, वय, घरातली माणसे, सगळे तिने सांगितले. 'घरातील कोणावर गुन्हा दाखल आहे काय?' हा रकाना आला, तेव्हा ती माझ्या वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मास्तर, ही वही ठाण्यावर जाणार का?"

"नाही आजी," असे मी चटकन बोलून गेलो. पण असे वचन द्यायचा अधिकार मला कोणी दिला होता?

म्हातारीची भीती अडाणीपणाची नव्हती. ती इतिहासातून आलेली होती. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मालाच गुन्हा ठरवले. नोंदणी, हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही, असा तो कारभार होता. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंटच होती. या कायद्याला आधार म्हणून 'माहिती' लागत होती. मुंबई इलाख्यातील पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यांनी १९०८ साली इलाख्यातील 'गुन्हेगार वर्गां'वर एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात जमातवार मथळे आहेत: वस्ती कुठे, पेहराव कसा, बोली कोणती, दिखाऊ धंदा कोणता, गुन्ह्याची पद्धत काय, चोरीचा माल लपवतात कुठे. पुढे हे पुस्तक मी ग्रंथालयात चाळले आणि चरकलो. माझ्या प्रश्नावलीतले रकाने जवळजवळ तेच होते! ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, जमाती 'विमुक्त' झाल्या. पण रकाने विद्यापीठात शिल्लक राहिले.

गुन्हेगारीच्या अभ्यासातील नीती म्हणजे काय, हे मला या अनुभवातून उमगले. ती तीन प्रश्नांत सांगता येते.

पहिला प्रश्न संमतीचा. 'त्यांनी होकार दिला होता' असे संशोधक म्हणतात. पण ज्याच्या हातात काहीच नाही, त्याच्या होकाराला अर्थ किती? अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरातील होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ या काळात डॉ. अल्बर्ट क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञाने कैद्यांच्या कातडीवर मलमे, प्रसाधने, इतकेच काय डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्येही वापरून पाहिली. कैदी बहुतांश काळे होते. जामिनाला पैसे नाहीत म्हणून खटल्याची वाट बघत पडलेलेही त्यांत पुष्कळ होते. चार डॉलर मिळतील म्हणून त्यांनी सह्या केल्या. शहराने माफी मागितली ती २०२२ साली. ज्यांची कातडी वापरली गेली त्यांतले किती जण ती ऐकायला उरले असतील? आपल्याकडेही फौजदाराने किंवा तुरुंगाधिकाऱ्याने समोर आणून बसवलेला माणूस 'हो' म्हणतो, ते भीतीने. त्याला 'नाही' म्हणता येते काय आणि म्हटले तर त्याचे काही बिघडत नाही काय, हे आधी तपासले पाहिजे.

दुसरा प्रश्न गुप्ततेचा. उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र लढ्यात उतरलेल्या माणसांच्या मुलाखती २००१ ते २००६ या काळात अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजच्या प्रकल्पाने ध्वनिमुद्रित केल्या. तुम्ही हयात असेपर्यंत त्या उघड होणार नाहीत, असे त्यांना सांगितले होते. २०११ साली ब्रिटिश पोलिसांच्या मागणीवरून कोर्टाची कारवाई सुरू झाली आणि काही फिती पोलिसांच्या हाती गेल्या. वचन देणाऱ्याला ते पाळण्याचे बळच नव्हते. आपल्या पुराव्याच्या कायद्यात पती-पत्नी आणि वकील-अशील यांच्यातील बोलण्याला संरक्षण आहे. संशोधकाला ते नाही. माझी वही हजर करा, असा हुकूम कोर्ट किंवा ठाणे अंमलदारही काढू शकतो. म्हणून साधा नियम असा, की ज्याने माणूस अडकेल ते लिहायचेच नाही. नाव नको, गाव नको, गुन्ह्याची तारीख नको. जे वहीत नाही ते कोणी हिसकावून घेऊ शकत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. नजर कोणाकडे लावायची? आपले गुन्हेशास्त्र नेहमी खाली बघते. चोर का चोरी करतो, यावर प्रबंध लिहिले जातात. पण चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिली पालांवरच का येते, यावर किती लिहिले जाते? तुरुंगात जातीवरून कामे वाटणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले, ते ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेशही तेव्हाच दिला गेला. इतकी वर्षे त्या नियमांत काय लिहिले आहे, ते एका पत्रकार स्त्रीने शोधून काढले आणि तीच न्यायालयात गेली. अभ्यासाची नजर वर वळली की काय घडते, याचा हा दाखला आहे.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पालावर गेलो. म्हणालो, "आजी, काल मी खोटे बोललो. मागितली तर वही द्यावी लागेल. म्हणून तो रकाना मी खोडला आहे." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमचं काय लिवतोस? ठाण्याची गाडी कवा येती, कुणाला नेती, किती दिवसांनी सोडती, त्ये लिव."

प्रबंधिकेचा विषय मी तिथेच बदलला. मार्गदर्शकांना तो आवडला नाही. 'यात वस्तुनिष्ठता नाही' असे ते म्हणाले. मी त्यांना एवढेच विचारले, की केनेडीच्या रकान्यांत वस्तुनिष्ठता होती काय?

आज आपले विद्यार्थी वस्त्यांवर, कोठड्यांत, कोर्टाच्या आवारात माहिती गोळा करायला जातात. जावेच. पण प्रश्नावली छापण्याआधी म्हातारीचा प्रश्न स्वतःला विचारावा. ही वही कुठे जाणार, आणि ती तिथे गेली तर कोणाच्या पाठीवर काठी पडणार?