दोनपैकी एक मतपत्रिका

२३ जानेवारी २०२४. न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआत एका शाळेच्या जिममध्ये प्रायमरीचं, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्याचं मतदान चालू आहे. मी कठड्याबाहेर उभी आहे. आत फक्त मतदार. रांगेत पुढे आमच्या शेजारच्या काकू. त्या ‘अनडिक्लेअर्ड’ आहेत, म्हणजे मतदारयादीत नाव आहे, पण कुठल्याही पक्षाखाली नाही. या राज्यात अशांची संख्या दोन्हींपैकी कुठल्याही पक्षाच्या मतदारांहून जास्त आहे.

काकू ओळखपत्र दाखवतात. टेबलामागची बाई विचारते, “डेमोक्रॅटिक की रिपब्लिकन?”

तिसरी मतपत्रिका नाहीच. इथे पक्ष म्हणून मान्यता हवी, तर गव्हर्नर किंवा सिनेटच्या निवडणुकीत ४ टक्के मतं मिळवावी लागतात.

“रिपब्लिकन,” काकू म्हणतात. त्यांच्या हातातल्या कागदावर २४ नावं आहेत. दोन दिवसांपूर्वी माघार घेतलेले डिसँटिसही त्यात आहेत. खरी लढत ट्रम्प आणि निकी हेली यांच्यात. डेमोक्रॅटिक कागदावर तर बायडन यांचं नावच नाही. पक्षाने पहिल्या प्रायमरीचा मान साउथ कॅरोलिनाला दिला, न्यू हॅम्पशायरने ऐकलं नाही. बायडन यांचे समर्थक आज त्यांचं नाव हाताने लिहीत आहेत.

मतपत्रिका यंत्रात सरकवून काकू दाराकडे येत नाहीत, दुसऱ्या टेबलाशी थांबतात. तिथे एका अर्जावर सही करून मतपत्रिका घेताना लागलेली पक्षाची नोंद काढतात आणि पुन्हा अनडिक्लेअर्ड होतात.

“एवढ्याचसाठी पक्ष घेतलात, काकू?”

“मग काय करू? नोव्हेंबरात दोघंही नकोसे वाटले, तर तेव्हा बोलून काय उपयोग? उमेदवार आज ठरतोय.”

मला त्यांचं पटतं. २००० सालच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत याच राज्यात रिपब्लिकन बुश डेमोक्रॅटिक गोर यांच्यापेक्षा ७,२११ मतांनी पुढे राहिले आणि ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना २२,१९८ मतं पडली. राष्ट्राध्यक्ष ठरवणारी इथली ४ इलेक्टोरल मतं गोर यांच्याकडे गेली असती, तर फ्लोरिडाचा निकाल काहीही लागो, राष्ट्राध्यक्ष तेच झाले असते. नेडर यांना मत देणाऱ्यांना मी दोष देत नाही; मनाजोगं मत देणं हा त्यांचा हक्कच. पण ज्याला सर्वाधिक मतं त्यालाच राज्याची सगळी इलेक्टोरल मतं, या पद्धतीत तिसऱ्याच्या हाती काही लागत नाही. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना देशभरात जवळपास १९ टक्के मतं मिळाली, इलेक्टोरल मत एकही नाही.

काकूंना आज मिळालेली मुभा सगळीकडे नाही. न्यूयॉर्कमध्ये पक्षात नोंद नसलेल्याला दोन्ही मोठ्या पक्षांच्या प्रायमरीत मतच देता येत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी मंडळींनी आपल्या राज्याचा हा नियम आणि पक्षनोंदणीची शेवटची तारीख वेळेवर पाहून ठेवावी.