दूरदर्शनाचें कपाट



लागेल तें आपल्या हातानें घडवावें, ही वृत्ति कोल्हापुरांत जुनी आहे. बाबूराव पेंटर यांनीं चित्रपटासाठीं लागणारा कॅमेरा येथेंच घडविला आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. पुढें १९७२ सालीं मुंबईस दूरदर्शन केंद्र सुरू झालें, आणि आज तें हलतें चित्र घरोघरीं बैठकीच्या खोलींत येऊन बसलें आहे. त्या संचासाठीं एक कपाट करणें हें बाबूरावांच्या कामापुढें किरकोळच. परंतु किरकोळ समजून मीं तें केलें, आणि चुकलों.

राजारामपुरींतील आमच्या घरीं माझें पहिलें कपाट उभें राहिलें, तेव्हां शेजाऱ्यांनीं तें नांवाजलें. चार फूट उंच, एक फूट खोल, पुढें तीन खण आणि माथ्यावर संच. एके दुपारीं चार वर्षांच्या नातवानें वरची वस्तु काढण्यासाठीं खालचे दोन खण ओढले व त्यांवर पाय दिला. कपाट पुढें कललें. मी जवळ होतों, म्हणून तें हातांवर तोलतां आलें.

याचें कारण साधें आहे. वस्तूचा गुरुत्वमध्य तिच्या पायांच्या आंत असतो, तोंवरच ती उभी राहते. उंच व उथळ कपाटाचे खण बाहेर आले आणि त्यांवर मुलाचा भार पडला, कीं तो मध्य पुढच्या पायांपलीकडे जातो. म्हणून कपाट बुटकें करावें. खोली सोळा ते अठरा इंच ठेवावी. जड यंत्रें तळाशीं मांडावींत. आणि संच व कपाट दोन्ही पट्ट्या व स्क्रू लावून भिंतीस जखडावींत. हा शेवटचा नियम कोणींहि टाळूं नये.

आतां मापें पाहूं. त्रेचाळीस इंची संच म्हणजे पडद्याचा कर्ण त्रेचाळीस इंच. रुंदी व उंची यांचें प्रमाण १६ : ९ असतें. पायथागोरसाच्या सिद्धांतानें रुंदी सुमारें साडेसदतीस व उंची एकवीस इंच येते. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर, जमिनीपासून सुमारें बेचाळीस इंचांवर, असावा. त्यांतून पडद्याची अर्धी उंची व संचाची बैठक वजा केली, कीं कपाटाची उंची अठ्ठावीस-एकोणतीस इंच ठरते.

फळीचे आधार दुप्पट अंतरावर नेले, तर मध्यावरील त्याच ओझ्यानें तिचा बांक आठपट वाढतो. म्हणून एकोणीस मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडलाहि दर दोन फुटांवर उभा आधार द्यावा. आमच्याकडील पावसाळ्यांत भरीव लाकूड रेषांच्या आडव्या दिशेनें फुगतें व दारें अडकतात. प्लायवुडाचे थर एकमेकांशीं काटकोनांत चिकटविलेले असल्यामुळें तें फारसें फुगत नाहीं. मात्र कापलेल्या कडा उघड्या राहिल्यास तेथून ओल शिरते. त्यांवर पट्टी चिकटवून रोगण द्यावें. यंत्रें तापतात, यास्तव पाठफळी सर्व बंद करूं नये. यंत्रांच्या वर व मागें दोन-तीन इंच जागा मोकळी सोडावी.

माझें दुसरें कपाट या रीतीनें झालें. तें पहिल्याइतकें डौलदार नाहीं, आणि शेजाऱ्यांनीं नांवाजलेंहि नाहीं. खणांवर चढूं नये, असें नातवास बजावलें आहे. परंतु तो विसरला, तरी आतां कपाट हलत नाहीं.