ॲपवरचं लॉक काढायचंय? आधी ते लॉक कुणाचं आहे ते ओळखा

हमीभावानं कापूस विकायचा असेल, तर आता बैलबंडी जुंपण्याआधी मोबाइल उघडावा लागतो. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळानं, म्हणजेच सीसीआयनं, 'कपास किसान' हे ॲप आणलं. शेतकऱ्याची नोंदणी आणि कापूस कुठल्या दिवशी न्यायचा त्याचा स्लॉट, दोन्ही कामं मोबाइलवर आली. या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलमागे ८,११० रुपये होता. त्याआधी २०२१ पासून पिकाची नोंद करायला 'ई-पीक पाहणी' आहेच. बँकेचं ॲप, यूपीआय, डिजिलॉकर आणि गावाचे व्हॉट्सॲप ग्रुपही त्याच फोनमध्ये असतात.

हिंगणघाट, देवळी, सेलू, समुद्रपूर, वर्धा जिल्ह्यातला कुठलाही कापसाचा पट्टा घ्या, अनेक घरांमध्ये या सगळ्या कामांसाठी स्मार्टफोन एकच असतो. फोन बाबांच्या नावावर, पण त्यातली सगळी सेटिंग मुलानं किंवा मुलीनं केलेली. सुरक्षेसाठी म्हणून त्यांनी दोन-चार ॲप्सना लॉक लावलेलं असतं. मग ते शिकायला नागपूरला किंवा नोकरीला पुण्याला जातात आणि नोंदणीचा ओटीपी येतो तो नेमका लॉक केलेल्या मेसेज ॲपमध्ये!

अशा वेळी घाईत दोनच उपाय सुचतात. एक तर ॲप काढून टाकणं, नाहीतर दुकानात नेऊन फोन फॉरमॅट करणं. दोन्हींत नुकसान होऊ शकतं. कारण आपण सरसकट 'ॲप लॉक' म्हणतो ती एक गोष्ट नसून चार वेगवेगळी लॉक आहेत. प्रत्येक काढायची रीत वेगळी आहे, आणि त्यातलं एक तर काढताच येत नाही.

समोरचं लॉक कुठलं, हे कसं ओळखायचं?

पासवर्ड विचारणारी स्क्रीन नीट बघा.

फोनच्या नेहमीच्या लॉकसारखीच दिसत असेल, तर ते बहुधा फोन कंपनीनं दिलेलं लॉक आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन ते काढता येतं.

स्क्रीनवर त्याच ॲपचं नाव किंवा चिन्ह असेल, उदाहरणार्थ 'व्हॉट्सॲप लॉक आहे', तर ते ॲपचं स्वतःचं लॉक आहे. ते त्या ॲपच्या आत जाऊनच निघतं.

स्क्रीनवर भलत्याच ॲपचं नाव किंवा जाहिरात दिसत असेल, तर कुणीतरी प्ले स्टोअरवरून वेगळं लॉकर ॲप टाकलेलं आहे.

आणि पैसे पाठवताना ४ किंवा ६ आकड्यांचा पिन विचारला जात असेल, तर तो यूपीआय पिन आहे. हे फोनचं लॉकच नाही.

पहिलं लॉक : फोन कंपनीचं

शाओमी, रेडमी आणि पोकोच्या फोनमध्ये सेटिंग्ज, मग ॲप्स आणि त्यात 'ॲप लॉक' असतं. ओप्पो, रियलमी आणि वनप्लसमध्ये ते प्रायव्हसी किंवा सिक्युरिटीच्या यादीत सापडतं. विवोमध्ये त्याला 'ॲप एन्क्रिप्शन' म्हणतात. मॉडेलनुसार जागा थोडी बदलते. सापडलं नाही तर सेटिंग्जमधल्या शोधायच्या पट्टीत 'ॲप लॉक' टाइप करा. पासवर्ड टाकला की ॲप्सची यादी येते. ज्याचं लॉक काढायचं त्याच्यासमोरचं बटण बंद करा. ॲप आणि त्यातली माहिती आहे तशीच राहते.

पासवर्डच आठवत नसेल तर? आधी फोनचं नेहमीचं लॉक टाकून बघा. अनेक फोनमध्ये दोन्हींचा पासवर्ड एकच ठेवलेला असतो. नाही चाललं तर 'पासवर्ड विसरलात' हा पर्याय बघा. शाओमीमध्ये लॉक लावताना मी अकाउंट जोडलं असेल, तर त्यातून नवा पासवर्ड ठेवता येतो. ओप्पो, रियलमी आणि विवोमध्ये सुरुवातीला एक सुरक्षा प्रश्न विचारलेला असतो, त्याचं उत्तर चालतं. मुलानं फोन सेट केला असेल, तर उत्तर त्याच्याकडेच असणार. म्हणून दुकानात जाण्याआधी त्याला एक फोन करा.

सॅमसंगमध्ये अनेकदा ॲप्स 'सिक्युअर फोल्डर' नावाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवलेली असतात. अँड्रॉइड १५ पासून काही फोनमध्ये असाच 'प्रायव्हेट स्पेस' नावाचा कप्पा आला आहे. इथे जपून. हा कप्पाच डिलीट केला, तर त्यातली ॲप्स आणि त्यांची माहितीही जाते. आधी फोटो आणि फाइल्स बाहेर काढून घ्या.

आयफोनमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या आयओएस १८ पासून प्रत्येक ॲपला लॉक लावता येतं. काढायला ॲपच्या चिन्हावर बोट दाबून ठेवा आणि फेस आयडी किंवा पासकोड लागू नये, असा पर्याय निवडा.

दुसरं लॉक : ॲपचं स्वतःचं

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी आणि त्यात 'ॲप लॉक' असतं. एकदा आपला ठसा किंवा चेहरा दाखवून आत गेलात, की तिथूनच ते बंद करता येतं.

पण व्हॉट्सॲपमध्ये आणखी एक लॉक आहे, ते एखाद्याच चॅटचं. मे २०२३ मध्ये 'चॅट लॉक' आलं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्याला वेगळा गुप्त कोड ठेवायची सोय झाली. हा कोड विसरलात, तर प्रायव्हसीच्या यादीत चॅट लॉकमध्ये लॉक काढून चॅट साफ करायचा पर्याय मिळतो. त्याचा अर्थ नीट वाचा. लॉक निघतं, पण त्या चॅटमधले मेसेजही जातात.

व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकलं तर काम होईल, असं अनेकांना वाटतं. बॅकअप घेतलेला नसेल तर जुने मेसेज परत मिळत नाहीत. मुकादमाचा हिशोब, व्यापाऱ्यानं पाठवलेला पावतीचा फोटो, दवाखान्याचे रिपोर्ट, आपल्याकडे हे सगळं व्हॉट्सॲपमध्येच साठलेलं असतं.

तिसरं लॉक : बाहेरून टाकलेलं लॉकर ॲप

हे लॉकर ॲप काढून टाकलं, की त्यानं लावलेली सगळी लॉक सुटतात. मात्र दोन अडचणी येतात.

पहिली, ते अनइन्स्टॉल होत नाही. कारण टाकताना त्याला 'डिव्हाइस ॲडमिन'ची परवानगी दिलेली असते. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन' शोधा, त्या ॲपसमोरची खूण काढा आणि मग अनइन्स्टॉल करा. त्या ॲपनं सेटिंग्जच लॉक केली असतील, तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. सेफ मोडमध्ये आपण डाउनलोड केलेली ॲप्स चालत नाहीत, त्यामुळे सेटिंग्ज उघडतात. अनेक फोनमध्ये 'पॉवर ऑफ'चं बटण दाबून ठेवलं की हा पर्याय येतो.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. काही लॉकर ॲप्स फोटो लपवायची सोय देतात. तेव्हा फोटो गॅलरीतून उचलून त्या ॲपच्या पोटात ठेवलेले असू शकतात. ॲप काढलं तर फोटोही जाण्याचा धोका असतो. आधी ॲप उघडून फोटो पुन्हा गॅलरीत आणा, मगच ते काढा.

चौथं : यूपीआय पिन, जो काढता येत नाही

गुगल पे किंवा फोनपे उघडताना जे लॉक लागतं, ते ॲपच्या सेटिंग्जमधून बदलता येतं. पण पैसे पाठवतानाचा यूपीआय पिन तुमच्या बँक खात्याचा असतो आणि तो बँक तपासते. ॲप बदललं, फोन बदलला, तरी खात्याचं हे कुलूप राहतंच.

पिन विसरला असेल, तर ॲपमध्येच नवा ठेवता येतो. त्यासाठी डेबिट कार्डाचे शेवटचे ६ आकडे, कार्डाची मुदत आणि बँकेचा ओटीपी लागतो. अनेक बँकांमध्ये आधारच्या ओटीपीवरही हे काम होतं. म्हणून 'यूपीआयचं लॉक काढून देतो' असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.

'फॉरमॅट मारून देतो' म्हटलं तर?

एका ॲपच्या लॉकसाठी अख्खा फोन फॉरमॅट करणं म्हणजे उंदरासाठी घर जाळण्यासारखं आहे. फोनमधले फोटो, मेसेज, नंबर सगळं जातं. शिवाय लॉक न उघडता बाहेरून फॉरमॅट केलेला अँड्रॉइड फोन सुरू होताना जुनं गुगल अकाउंट मागतो. चोरलेला फोन दुसऱ्याला वापरता येऊ नये म्हणून ही सोय आहे. पण जीमेलचा पासवर्ड आपल्यालाच आठवत नसेल, तर आपलाच फोन आपल्यासाठी बंद होतो. आधी एक ॲप उघडत नव्हतं, आता फोनच उघडत नाही, अशी वेळ येते.

इंटरनेटवर 'कुठलंही लॉक तोडा' म्हणणाऱ्या एपीके फाइल्सपासूनही लांब राहा. अशा फाइलला मेसेज वाचायची परवानगी दिली, तर तुमचे ओटीपी तिसऱ्याच माणसाच्या हातात जाऊ शकतात. मदतीच्या नावाखाली स्क्रीन शेअर करायला लावणाऱ्या अनोळखी माणसालाही हेच लागू आहे. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जायची शक्यता जास्त.

लॉक दुसऱ्याचं असेल तर?

नवरा-बायको असोत की भाऊ-भाऊ, दुसऱ्यानं स्वतःच्या फोनवर लावलेलं लॉक त्याला न विचारता काढणं हा घरगुती मामला राहत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नव्हे, तर '६६ सी'नुसार दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा गुन्हा आहे. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

सगळ्यात अवघड प्रसंग असतो तो घरातलं माणूस गेल्यावर. पैसे त्यांच्या खात्यात, ॲपला लॉक, आणि घरात खर्च उभा. अशा वेळी त्यांचा यूपीआय पिन शोधत किंवा बदलत बसू नका. बँकेत जाऊन मृत्यूचा दाखला आणि वारस किंवा नॉमिनीचे कागद द्या. सगळी कागदपत्रं मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यासाठी खात्याला नॉमिनी असणं फार सोयीचं ठरतं. तो आहे की नाही, हे आजच पासबुकवर बघून घ्या.

मग कुठली लॉक काढावीत, कुठली ठेवावीत?

ई-पीक पाहणी, कपास किसान, हवामानाचं ॲप, कॅमेरा यांना वेगळं लॉक ठेवून फारसा फायदा नाही, गरजेच्या वेळी अडचण मात्र होते. ती काढली तरी चालतील.

बँक, यूपीआय आणि ईमेलचं लॉक राहू द्या. ईमेल अनेकजण विसरतात. पण बाकी बऱ्याच ॲप्सचा पासवर्ड बदलायची लिंक ईमेलवरच येते.

मेसेज ॲपचं लॉक काढणार असाल, तर फोनचं मुख्य लॉक पक्कं हवं आणि बंद स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसायला नको. हे नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं.

एक फोन दोघं वापरत असतील, तर लॉक काढण्याऐवजी दुसऱ्याच्या बोटाचा ठसा जोडता येतो. पण त्या ठशानं इतर ॲप्सही उघडू शकतात, हे दोघांनाही माहीत असायला हवं. फोनचं लॉक आणि ॲपचं लॉक एकच ठेवलं असेल आणि तो आकडा अख्ख्या घराला पाठ असेल, तर ॲपच्या लॉकनं घरातल्या कुणापासून काहीच झाकलं जात नाही.

आणि मुला-मुलींनो, आईबाबांचा फोन सेट करून देत असाल, तर कुठल्या ॲपला कुठलं लॉक लावलं आणि जीमेल कुठला टाकला, हे वहीत लिहून घरात नीट जपून ठेवा. यूपीआय पिन मात्र त्या वहीत नको. तो ज्याचं खातं आहे त्यालाच ठेवू द्या, आणि तुम्ही गावी असतानाच त्यांच्याकडून एक-दोनदा वापरून घ्या.