हृदयात नवा स्टेंट आणि मानेत अडथळा

हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवून दोन-तीन महिने झालेल्या रुग्णाची एखादे दिवशी अचानक जीभ अडखळते, एक हात लुळा पडतो किंवा एका डोळ्यापुढे अंधार येतो. दहा-पंधरा मिनिटांत सारे पूर्ववत होते आणि घरची मंडळी ‘अशक्तपणा असेल’ म्हणून गप्प बसतात. हा समज घातक आहे. ही अर्धांगवायूची पूर्वसूचना असू शकते.

मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांना कॅरोटिड म्हणतात. हृदयाच्या धमनीत साचतो तोच चरबीचा थर येथेही साचतो. त्याचा कण किंवा रक्ताची गुठळी सुटून मेंदूत गेली की झटका येतो. मानेच्या डॉपलर सोनोग्राफीने अडथळा किती ते कळते. तो मोठा असून लक्षणे दिसली असतील, तर दोन आठवड्यांच्या आत उपचार व्हावेत.

उपचार दोन : मानेला छेद देऊन थर काढणे, किंवा जांघेतून नळी घालून स्टेंट बसविणे. हृदयात नवा स्टेंट असणाऱ्याची अडचण येथेच येते. त्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल यांसारख्या दोन गोळ्या साधारणपणे सहा महिने, हृदयविकाराच्या झटक्यानंतर वर्षभर घ्याव्या लागतात. त्या चालू ठेवून शस्त्रक्रिया केल्यास रक्तस्राव वाढू शकतो. बंद केल्यास हृदयातील स्टेंट बुजण्याचे भय. मानेतील स्टेंटला मात्र याच गोळ्या किमान महिनाभर लागतात, त्यामुळे त्या थांबवाव्या लागत नाहीत.

तरीही स्टेंट सर्वांनाच योग्य असे नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका व कॅनडातील सुमारे २,५०० रुग्णांच्या अभ्यासात स्टेंटनंतर अर्धांगवायू, तर शस्त्रक्रियेनंतर हृदयविकाराचा झटका अधिक आढळला. सत्तरीपुढील रुग्णांना शस्त्रक्रिया अधिक मानवली. शिवाय मानेत फुगा फुगविताना नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. कमजोर हृदयाला ते जड जाऊ शकते. म्हणून हृदयरोगतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ व सर्जन यांनी मिळून निर्णय घ्यावा.

रुग्णाने एवढे जरूर पाळावे. दात काढायचा आहे, पित्त झाले, अशा कारणांनी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. स्टेंटचे कार्ड जवळ बाळगावे. वरील लक्षण दिसताच सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. तेव्हा सकाळपर्यंत वाट पाहू नये.